लिंबोणीखालची गंगा

"साऱ्या गल्लीचे हात वर करून दाखवतो! एक जरी हात खाली राह्यला ना, तर ही मिशी उतरवून टाकीन!"

कोथळखेडच्या थांब्यावर चहाच्या टपरीत हिंमतरावांनी ही घोषणा केली आणि मिशीला पीळ दिला. टपरीतल्या लोकांनी आधी हिंमतरावांकडं पाहिलं, मग मिशीकडं पाहिलं. मिशी चांगली भरघोस होती. तिची सगळ्यांनाच काळजी वाटली.

गोष्ट अशी होती. हिंमतरावांच्या गल्लीच्या टोकाला एक मोठी पडीक जागा होती. गावात ज्यांना घर नाही त्यांच्यासाठी तिथं बारा घरं बांधायचं चाललं होतं. पण गल्लीचा विरोध असेल तर घरं नाल्यापलीकडं जाणार. नाल्यापलीकडं म्हणजे काय, ते गावच्या माणसाला विचारा! पावसाळ्यात तिकडं बकरीसुद्धा जात नाही. तेव्हा येत्या ग्रामसभेत गल्लीनं हात वर करायचे आणि काय तो निकाल लावायचा, असं ठरलं होतं.

आणि त्या बारांतलं एक घर हिंमतरावांना हवंच होतं. स्वतःसाठी नाही हो, लेकीसाठी! त्यांची पूनम धाडच्या दवाखान्यात सिस्टर. धाडला खोली मिळेना, म्हणून राहायची बुलडाण्याला, भाड्याच्या खोलीत. चिंगीला, दीड वर्षाच्या पोरीला, शेजारणीच्या हवाली करायची आणि जीपमध्ये कोंबून घेऊन ड्युटीवर यायची. नात तिकडं परक्याच्या दारात, आणि आजी इकडं रिकामी! रोज फोन झाला की तानुबाई पदर डोळ्याला लावायच्या.

"मंग इथंच या ना राह्यले," हिंमतराव जावयाला म्हणाले होते.

जावई भागवत मोठा गोड माणूस. धाडमध्ये त्याचं मोबाइलचं दुकान. पण त्यानं हात जोडले. "मामा, तुमच्या गावात राहीन, तुमच्या गल्लीत राहीन, तुमच्या भिंतीले भिंत लावून राहीन. पन तुमच्या घरात नाही! लोक घरजावई म्हनतीन मले."

आणि भाड्यानं द्यायला गावात एक खोली शिल्लक नव्हती. म्हणजे घरं झाली तर पूनम येणार, नाही झाली तर तानुबाईंचा पदर ओलाच राहणार. एवढा साधा हिशेब होता.

हिंमतरावांना गल्लीची खात्री होती, कारण माणसं हा त्यांचा धंदाच होता. सारी नोकरी एसटीत गेलेली, कंडक्टर म्हणून. "मी मानूस ओळखतो," ते टपरीत म्हणाले. "खाली उभा असला की वरडते, 'थांबवा, लय जागा आहे!' अन् एक पाय आत टाकला की तोच वरडते, 'भाऊ, फुल्ल झाली, मारा डबल बेल!' अशा वेळी मी एकच म्हनो. पुढं सरका! अन् सरकत बरं का लोक! कंडक्टरच्या आवाजात जादू पाह्यजे!"

आवाज घेऊन हिंमतराव घरोघर निघाले. पहिलं घर रामरावांचं. गल्लीतले सगळ्यात मोठे शेतकरी.

"बांधा ना!" रामराव एकदम म्हणाले. "गाव वाढलं पाह्यजे! फक्त माह्या ट्रॅक्टरले वळायले जागा लागते, तेवढी सोडून बांधा."

"किती लागते?"

रामरावांनी थोडा विचार केला. "सारीच," ते म्हणाले.

दुसरं घर चांगुणाबाईंचं. त्यांच्या कुरड्या-पापड्या त्याच जागेवर वाळायच्या. "होऊ द्या की घरं, मी काऊन नाही म्हनू? पन हिंमतभाऊ, उन्ह कुठून येईन मंग?"

"उन्ह वरून येते, चांगुणाबाई!"

"ते मलेही माहीत हाय. पन बारा घरं मधात आल्यावर?"

तिसरे प्रेमानंद सर, हायस्कुलात विज्ञान शिकवणारे. "माझा विरोध नाही," सर म्हणाले. "मला फक्त कुतूहल आहे." आणि त्यांनी कुतूहल सुरू केलं. येणारे लोक कोण? करतात काय? त्यांच्याकडं कुत्रं आहे का? रात्री टीव्हीचा आवाज किती ठेवतात? हिंमतराव अर्धा तास 'माहीत नाही, सर' म्हणत उभे होते. शाळेत असताना उभे राहायचे, अगदी तसेच.

पण ट्रॅक्टर काय, कुरड्या काय, त्यातून वाट निघाली असती. खरी गाडी अडायची ती शेवटच्या प्रश्नावर. प्रत्येक दारात तोच प्रश्न!

"पानी?"

गल्लीला आठ-आठ दिवसांनी नळ यायचा. सुरुवातीच्या घरांना बरा यायचा, हिंमतरावांच्या घरापासून पुढच्या घरांना मात्र दोऱ्यासारखी धार. "आमच्याच घशाले कोरड पडली, अन् तुम्ही आनखीन बारा घरं प्यायले आनता?" असं म्हटल्यावर कंडक्टरची जादू चालेना. हिंमतराव घरी आले आणि अंगणातल्या लिंबोणीखाली बसले.

या लिंबोणीबद्दल सांगायलाच हवं. भर मे महिन्यात, गावच्या विहिरी तळ दाखवायच्या, तेव्हासुद्धा ही बाई लिंबांनी लगडलेली! कोणाला लोणचं घालायचं असो, कोणाचा पाहुणा उन्हातून आलेला असो, लिंबू हिंमतरावांकडचं. देताना ते तळहात पुढं करून दाखवायचे. "काही नाही, हाताचा गुन हाय! लागते अंगात!"

"मंग तुमच्या हातची बाकीची झाडं काऊन मेली?" तानुबाई विचारायच्या. कढीपत्ता मेला होता, मोगरा मेला होता, पपई तर लावल्याच्या आठवड्यात गेली होती.

"त्याइले कदर नव्हती," हिंमतराव म्हणायचे.

तर त्या लिंबोणीखाली बसल्या बसल्या त्यांना युक्ती सुचली. ते ताडकन उठले. "पूनमच्या माय! पानाड्या आनतो! त्या जागेत खाली पानी निघालं तर बोअर मारता येईन. मंग कोन तोंड उघडते पाहू!"

साखरखेर्ड्याचे रंगराव पाणाड्या पंचक्रोशीत नावाजलेले. तळहातावर नारळ आडवा ठेवून अनवाणी चालायचे. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो, अशी त्यांची ख्याती. हिंमतरावांनी त्यांना बोलावलं ते नेमकं नळाच्या दिवशी. का? तर त्या दिवशी गल्लीतला एकही माणूस शेतात जात नाही, बाजारात जात नाही, मयतीलासुद्धा घरटी एकच जातो. सगळे ड्रम लावून दारात! सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाणी निघालं पाहिजे, असा हिंमतरावांचा डाव. आपण किती हुशार, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं.

नळ आला, ड्रम लागले, आणि रंगराव नारळ घेऊन पडीक जागेत उतरले. मागं हिंमतराव, त्यांच्या मागं सारी गल्ली. रंगराव ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेले. नारळ जेवून झोपलेल्या माणसासारखा पडून होता.

"कुठंच नाही?" हिंमतरावांनी विचारलं.

"आवो, जरा दम धरा की," रंगराव म्हणाले आणि जागेबाहेर गल्लीत आले. नारळ थोडा हलला!

"हालला! हालला!" पोराटोरांनी गलका केला. रंगराव पुढं, नारळ थरथरतोय, लोक मागं. चांगुणाबाईंचं दार गेलं. रामरावांचा ट्रॅक्टर गेला. हिंमतरावांच्या फाटकाशी नारळ अर्धा उठला. रंगराव सरळ आत शिरले आणि लिंबोणीजवळ जाताच नारळ खाडकन उभा!

सारी गल्ली फाटकातून आत घुसली.

"स्नायूंची हालचाल असते ती," प्रेमानंद सर म्हणाले. "नारळाला काही कळत नाही. पण मला कुतूहल आहे. दोन फूट खोदून पाहायला काय हरकत आहे?"

हिंमतरावांना हे आवडलं नव्हतं. पाणी त्या जागेत पाहिजे होतं, आपल्या अंगणात नाही! पण नाही कसं म्हणणार? झाडापासून थोडं हटून रामरावांच्या गड्यानं टिकाव मारला. दोन फूट झालं न झालं तोच खालून बुडबुड करत पाणी वर आलं! निवळशंख, थंडगार, भर उन्हाळ्यात!

"गंगा आली वं माय!" चांगुणाबाईंनी हात जोडले. कोणी हळदीकुंकू आणलं, कोणी उदबत्ती. रंगरावांचा नारळ तिथंच फुटला. हिंमतरावांच्या गळ्यात हार पडला. आता सांगा, हार पडल्यावर माणूस काय बोलणार? "हाताचा गुन," ते म्हणाले.

संध्याकाळी खड्डा कोरडा पडला.

"रुसली!" चांगुणाबाई म्हणाल्या. "हिंमतभाऊ, तुम्ही चपला घालून उभे होते तिथं. मी पाह्यलं." मग काय! हिंमतरावांना आपल्याच अंगणात अनवाणी फिरायची शिक्षा झाली. लिंबोणीखालची बाज उचलली गेली. पोरांनी गंगेचा व्हिडिओ काढला होता, तो तर धाडपर्यंत पोचला होता. तिकडून, धामणगाव बढेकडून लोक जीप भरभरून येऊ लागले आणि कोरड्या खड्ड्याला नमस्कार करून, जाताना एकेक लिंबू प्रसाद म्हणून तोडून नेऊ लागले. हिंमतरावांनी चार दिवस सोसलं. पाचव्या दिवशी रामराव आले.

"हिंमतराव, गल्लीचं ठरलं," रामराव म्हणाले. "एवढे लोक येऊन राह्यले, तर त्या जागेवर भक्तनिवास बांधू. घरं जाऊ द्या नाल्यापलीकडं."

"अन् भक्तनिवासानं तुमचा ट्रॅक्टर नाही अडत?"

"देवाच्या कामात ट्रॅक्टर कुठून आला मधात?" रामराव दुखावल्या आवाजात म्हणाले.

हिंमतराव मटकन ओट्यावर बसले. घरं यावीत म्हणून पाणी शोधलं, आणि त्या पाण्यानंच घरं वाहून चालली! आत तानुबाई पूनमशी फोनवर बोलत होत्या. "हाव माय, तुह्या बाबानं गंगा आनली. घराचं? घराचं पाहू..." आणि पदर गेला डोळ्याला. हिंमतरावांना फार वाईट वाटलं. स्वतःचाच रागही आला. चांगली गाडी चालली होती, कोणी सांगितलं होतं मध्येच बेल मारायला?

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी नळ आला. आणि त्याच क्षणी खड्ड्यात बुडबुड सुरू झालं!

"प्रसन्न झाली!" गल्ली लोटली. तांबे, गडवे, बाटल्या भरल्या जाऊ लागल्या. प्रेमानंद सर तेवढे एका बाजूला उभे राहून एकदा नळाकडं आणि एकदा खड्ड्याकडं पाहत होते. पहिलं तीर्थ चांगुणाबाईंनी घेतलं. घोट घेतला, डोळे मिटले. मग एक डोळा उघडला.

"हिंमतभाऊ," त्या म्हणाल्या, "गंगेले ब्लिचिंग पावडरीचा वास काऊन येऊन राह्यला?"

दुसऱ्यानं पिऊन पाहिलं. तिसऱ्यानं पिऊन पाहिलं. वास तोच! नळाला येतो तो! सरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, खड्ड्यात उतरले, हात घालून चाचपलं आणि म्हणाले, "माझं कुतूहल संपलं. ही गल्लीची मोठी पाइपलाइन आहे. फुटलेली आहे. आणि लिंबोणीच्या मुळ्या तिला गच्च धरून बसल्यात."

आता जे झालं, ते हिंमतराव जन्मात विसरायचे नाहीत. सगळ्यांच्या नजरा खड्ड्यातून हळूहळू वर आल्या, बुंध्यावरून फांद्यांवर गेल्या, पिवळ्याधमक लिंबांवर थांबल्या आणि मग हिंमतरावांच्या तळहातावर आल्या. त्यांनी हात मागं लपवला.

"हाताचा गुन म्हने!" चांगुणाबाई कडाडल्या. "आमच्या नळाले दोरा, अन् याइच्या लिंबाले गंगा!"

"मले काय माहीत होतं बापा! आईची आन!"

रंगराव पाणाड्याला फोन लागला. ते शांतपणे म्हणाले, "मी पाणी हाय म्हणून सांगितलं. कोणाचं हाय ते मी कुठं सांगितलं होतं?"

पाइप जोडायचा तर झाड मुळासकट काढावं लागणार होतं. सगळे तेच म्हणू लागले. हिंमतराव दोन्ही हात पसरून लिंबोणीपुढं उभे राहिले. "झाड नाही निघनार! लेकरासारखं वाढवलं! पाइप दुसरीकडून घ्या ना!"

"दुसरीकडून म्हंजे?"

"म्हंजे... चांगुणाबाईच्या अंगनातून."

बोलून गेले, आणि जीभ चावली. चांगुणाबाईंनी पदर खोचला. दोन पावलं पुढं आल्या. हिंमतरावांना वाटलं, आता शिव्या पडणार. पण त्या अगदी हिंमतरावांच्याच आवाजात, कंडक्टरच्या ठसक्यात म्हणाल्या, "पुढं सरका!"

एक माणूस हसला. मग दुसरा. मग सारी गल्ली ओरडू लागली, "पुढं सरका, हिंमतभाऊ! जागा हाय! पुढं सरका!"

हिंमतरावांनी तानुबाईंकडं पाहिलं. वाटलं, ती तरी बाजू घेईल. तानुबाई दारात उभ्या होत्या. "झाड पाह्यजे का पोरगी, ते बोला," त्या म्हणाल्या. "नळ नीट झाला तर कोन घराले नाही म्हनीन आता?"

बस्स. हिंमतरावांनी टिकाव मागितला. दुसऱ्या कोणाला झाडाला हात लावू दिला नाही. एकट्यानं खणलं, दुपारपर्यंत. मधून मधून डोळ्यात पाणी यायचं, त्याला मात्र ब्लिचिंगचा वास नव्हता. झाड आडवं झालं तेव्हा चांगुणाबाईंनी गुपचूप गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या आणून पुढं ठेवला. सगळी लिंबं गल्लीत वाटली गेली. तिन्हीसांजेला पाइप जोडला, पाणी सोडणाऱ्याला गळ घालून नळ पुन्हा सोडायला लावला आणि गल्लीच्या शेवटच्या नळाला अशी धार लागली की चांगुणाबाईंची बादली उलटली!

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा. "गल्लीत बारा घरं बांधायले ज्याइची हरकत नाही, त्याइनं हात वर करा!" रामरावांचा हात वर. ट्रॅक्टर शेतातूनही वळतो, असा त्यांना शोध लागला होता. चांगुणाबाईंचा वर, नव्या घरांच्या गच्चीवर कुरड्या वाळवायच्या अटीवर. सरांचा वर. सगळ्यांचे वर! हिंमतरावांचा ऊर भरून आला.

"एक हात खाली हाय!" मागून आवाज आला.

"कोनाचा हाय बे?" हिंमतराव गरजले.

तो त्यांचाच होता! आदल्या दिवशी खणून खणून दोन्ही खांदे असे धरले होते की हात छातीच्या वर जाईना. त्यांनी जोर लावला, कण्हले, कोपरापर्यंत उचलला, पुन्हा पडला. शेवटी तानुबाईंनी भर सभेत नवऱ्याचा हात धरून वर केला. ठराव पास झाला. पण मिशीबद्दल गल्लीनं ऐकून घेतलं नाही. दुसऱ्यानं उचललेला हात चालत नाही म्हणे! मिशी उतरली.

पुढच्या वर्षी घरं उभी राहिली. पूनम, भागवत आणि चिंगी गल्लीतच राहायला आले, चांगुणाबाईंच्या भिंतीला भिंत लावून. चिंगी आधी आजोबांच्या मिशीला घाबरून रडायची, आता मांडीवरून उतरत नाही. तानुबाईंचा पदर कोरडा आहे. हिंमतराव सुखात आहेत. म्हणजे होते.

पहिल्याच उन्हाळ्यात पूनमनं अंगणात लिंबाचं रोप आणलं. "बाबा, तुमच्या हातानंच लावा! साऱ्या गल्लीले सांगितलं मी, माह्या बाबाच्या हाताले गुन हाय. पाइपबिइपाचं काही खरं नाही!"

लेकीचा एवढा भरोसा! हिंमतरावांनी रोप लावलं. ते वाळलं. दुसरं लावलं. तेही वाळलं. "माती खराब हाय," हिंमतराव म्हणाले. पूनमनं माती बदलली आणि तिसरं रोप आणलं.

ते मात्र हिंमतरावांनी जागा बदलून लावलं. पूनम ड्युटीवर गेली होती. चिंगी झोपली होती. नळाचा दिवस होता. हिंमतराव पूनमच्या नळाजवळ उकिडवे बसून काहीतरी करत होते, तेवढ्यात भिंतीवरून चांगुणाबाईंचं डोकं वर आलं.

"हिंमतभाऊ, काय करून राह्यले जी?"

हिंमतरावांनी पाना झटकन धोतराखाली घातला. नळाच्या सांध्यातून एक बारीक, दोऱ्यासारखी धार रोपाच्या बुडाशी पडत होती.

"काही नाही, काही नाही," ते म्हणाले. "हाताचा गुन उतरवून राह्यलो!"